अप्पांचं माप

पोलीस भरतीच्या मैदानी चाचणीला आठ दिवस उरले होते आणि माझा डावा पाय काही केल्या ऐकत नव्हता. गेल्या वर्षी मोडला होता. हाड जुळलं, पण मांडी वाळून गेली. वयात बसणारी ही माझी शेवटची भरती. उदगीर वेगळा जिल्हा होणार, मग पोलिसांत जागाच जागा, असं गावातले शहाणे सांगत. त्यांच्या भरवशावर राहिले असते तर म्हातारी झाले असते.

भरतीची तयारी करून घेणाऱ्या सरांनी केटलबेल, म्हणजे कडीचं व्यायामाचं वजन, घेऊन एका पायावर बैठका काढायला सांगितल्या. केटलबेल कुठून आणू? आमच्या आडतीत कडीचं दहा किलोचं लोखंडी वजन होतं. दुष्काळामुळे दोन वर्षं माल आला नव्हता, ते धूळ खात पडलेलं. ते छातीशी धरायचं, उजवा पाय समोर ताठ, डाव्यावर खाली बसायचं आणि उठायचं. बसणं जमे, उठणं जमेना. मला रडू यायचं.

माझे वडील, अप्पा, गादीवरून बघत होते. "मी मोजतो," म्हणाले. "लाभ."

धान्याच्या मापात पहिला आकडा एक नसतो, लाभ असतो. दर आकड्याला देणाऱ्याच्या पोत्यातून एक माप घेणाऱ्याकडे जातं. अप्पांनी तीस वर्षं असंच मोजलं होतं. मी सहज उठले. "दोन." पुन्हा उठले.

पाचव्या दिवशी माझी मांडी भरली. अप्पा मात्र भिंत धरून चालू लागले. उन्हानं असेल, असं मी म्हटलं. मला तसंच वाटून घ्यायचं होतं, खोटं कशाला बोलू?

सातव्या दुपारी मोजताना त्यांचं धोतर गुडघ्यावर सरकलं. डावी मांडी माझ्या मनगटाएवढी राहिली होती. मी घाबरून वजन खाली ठेवलं.

"अप्पा, बास करा."

"माप मधी तोडत न्हाईत, रुद्राणी. अकरा झालेत."

"मला न्हाई पायजे."

"मला द्यायचं हाय. बारा."

मी हललेही नव्हते, तरी पाय आतून भरत गेला. तेरा. चौदा. मी त्यांच्या तोंडावर हात दाबला. आकडे वीसपर्यंत येतच राहिले.

दुसऱ्या दिवशी लातूरच्या मैदानावर मी पहिली आले. घरी आले तर अप्पा गादीवरच. उठता येत नव्हतं, पण चेहरा सौदा पटल्यासारखा खूश. मी ते वजन त्यांच्या मांडीशी ठेवलं, समोर बसले आणि त्यांच्यासाठी मोजायला लागले.

अंधार पडेपर्यंत मोजलं. माझ्या पायातून काहीच गेलं नाही. अप्पांना द्यायचं होतं. मला नोकरी हवी होती.