सासूच्या अंथरुणातली गोधडी

कडा गावात नांदायला आली तेव्हा तेजश्रीच्या बोटांच्या बेचक्यांत दोनचार पुरळ होते. दिवाळीपर्यंत ते पोटावर, मांड्यांवर पसरले. दिवसा कामात भान नसायचं. रात्री अंथरुणात ऊब लागली की अंगभर मुंग्या सुटल्यासारखं व्हायचं. रक्त निघेपर्यंत ती खाजवायची.

सासूनं, छबुबाईनं, एकदा तिचे हात बघितले.

"खरूज हाय ही! माहेरची घाण घेऊन आलीस व्हय? आजपासून शेळ्यांच्या छपरात निजायचं."

नवरा अंगद म्हणाला, "कर थोडे दिवस, आई म्हणती तसं."

छपरात वारं सुसाट यायचं. गोधडी पांघरली की खाज उठायची, काढली की दात वाजायचे. पहाटे शेळ्या उठायच्या तरी तिचा डोळा लागलेला नसायचा.

शेवटी ती एकटीच दवाखान्यात गेली. मलमाच्या नळ्या देताना डॉक्टरीणबाईंनी बजावलं, "घरातल्या सगळ्यांनी एकाच रात्री लावा. अंथरुणं उकळत्या पाण्यातनं काढा. नाहीतर फिरून होईल."

घरी ते ऐकून छबुबाई भडकली. "आमी कावून लावायचं? आमी काय घाणीतले हावोत? अन् पाणी उकळायला सरपण न्हाई."

अंगदनं आईच्या नकळत एक नळी मागून घेतली. बायकोला घरात ये, असं काही तो म्हणाला नाही.

तेजश्रीनं त्या रात्री मानेपासून तळपायापर्यंत मलम चोळलं. सकाळी सासू देवळात गेल्यावर तिनं आपली गोधडी सासूच्या पलंगावर नेऊन टाकली आणि सासूची स्वतःला घेतली. दोन्ही एकसारख्याच, जुन्या लुगड्यांच्या.

संक्रांतीपर्यंत छबुबाई खाजेनं रात्री पलंगावर उठून बसायला लागली. कंगव्यानं पाठ खरवडायची, पाय विटेवर घासायची.

"तेजे, ते मलम हाय का गं?"

"संपलं, आत्या."

दोन भरल्या नळ्या तिच्या ट्रंकेत होत्या.

छबुबाईला शुगर होती. घासून घासून फुटलेला पायाचा अंगठा चिघळला, काळा पडला. नगरला नेईपर्यंत उशीर झाला होता. तो कापावा लागला.

दवाखान्यात भेटायला आलेल्या बायका म्हणाल्या, "सून लई गुणाची. सासूच्या खाटेखाली फरशीवर निजती."

कापलेल्या जागेच्या कळांनी छबुबाई रात्रभर हाका मारायची. खाली तेजश्री गाढ झोपलेली असायची. इतकी चांगली झोप तिला लग्नानंतर पहिल्यांदाच लागत होती.