सतरा क्रमांकाचं सीरम

आजार कधीच न झालेल्या एखाद्या माणसाचं रक्त आमच्या प्रयोगशाळेत रोज लागतं. प्रत्येक प्लेटला शहाण्णव खळगे असतात. बहुतेक खळग्यांत अभ्यासात नाव नोंदवलेल्या लोकांचं सीरम जातं आणि शेवटच्या दोनांत या निरोगी माणसाचं. आजाराविरुद्धची प्रतिपिंडं असली की खळगा पिवळा होतो. नसली तर तो जवळजवळ पाण्यासारखा राहतो. जवळजवळ अशासाठी, की थोडा रंग कुठल्याही रक्ताचा येतोच. निरोगी माणसाचा जेवढा रंग येईल त्याच्या तिप्पट, ही आमची रेघ. रेघेच्या वर गेलेल्याच्या अहवालात 'आढळली' असं लिहायचं, खाली राहिलेल्याच्या 'आढळली नाहीत'.

आमचं निरोगी सीरम सतरा क्रमांकाचं होतं, आणि सतरा क्रमांक म्हणजे माझा नवरा.

हे दोघांनाच माहीत होतं, मला आणि घड्याळकाकांना. काका आमच्यातले सर्वांत जुने तंत्रज्ञ. अलार्म न लावता प्लेटची तीस मिनिटं झाली हे ते बसल्या जागेवरून सांगतात, म्हणून हे नाव पडलं. साथीच्या दोन वर्षं आधी लोहाच्या कमतरतेवर एक वेगळाच अभ्यास चालू होता. त्याला निरोगी माणसं कमी पडली तेव्हा आम्ही सगळ्यांनी आपापल्या घरून माणसं पकडून आणली. माझा नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. तो थेट कामावरून आला, नखांत ग्रीस घेऊन. सुई बघायची नाही म्हणून माझ्याकडे बघत बसला.

"नाव नाही लिहीत?" त्याने विचारलं.

"इथे नाव नसतं. तुम्ही सतरा," काका म्हणाले.

"बरोबर आहे. हिच्यासाठी रांग लागली होती तेव्हाही माझा नंबर असाच मागे होता."

"पुढचे सोळा शहाणे निघाले म्हणायचे. मूठ आवळा."

तो इतका हसला, की काकांना सुई मागे घ्यावी लागली.

लस यायच्या चार महिने आधी तो गेला. आजार नऊ दिवसांचा. भेटायला कुणालाच सोडत नव्हते. दवाखान्यातून माझ्याकडे परत आली ती एक पिशवी: चष्मा, चार्जर, मोज्यांचे दोन जोड.

वर्षभराने या अभ्यासासाठी साथीच्या आधीचं रक्त हवं झालं. जुन्या फ्रीजरमध्ये पुरेसं सीरम दोघांचंच उरलं होतं, सतरा आणि तेवीस. आमच्या प्रमुख डॉक्टरबाईंनी यादीवर पेन टेकवून विचारलं, "सतरा घेऊ या?" मी हो म्हटलं.

तेव्हापासून माझी सकाळ त्याच्यापासून सुरू व्हायची. करंगळीच्या पेराएवढी कुपी उणे ऐंशीच्या फ्रीजरमधून काढायची आणि बर्फावर ठेवून हळूहळू वितळू द्यायची. मुठीत धरली तर लवकर वितळते, पण तसं करायचं नसतं. मी कधी केलं नाही. करावंसं मात्र रोज वाटायचं. त्या रक्ताला या आजाराची ओळखच नव्हती. बाकीचे खळगे पिवळे होत जायचे आणि त्याचे दोन तसेच राहायचे. त्या दोन खळग्यांत तो अजून साथीच्या आधीच्या एका मंगळवारी बाही वर सरकवून बसलेला होता. संध्याकाळी घरी जाईन तेव्हा तो असेल, लिफ्टमध्ये उभा राहून कान लावेल आणि म्हणेल, "हिची दोरी कुरकुरतेय." हा विचार मी कामाच्या वेळात करत नसे. वाचनयंत्राला प्लेट वाचायला पाऊण मिनिट लागतं, तेवढ्यात करत असे.

मग कुप्या संपत आल्या. नऊ उरल्या, आठ उरल्या. नियमाने प्रत्येक खळग्यासाठी दहा मायक्रोलिटर सीरम घ्यायचं. मी पाच घ्यायला लागले आणि उरलेलं द्रावणाने भरून काढलं. 'नाही' म्हणणारं रक्त अर्ध्यातही 'नाही'च म्हणणार, अशी मी स्वतःची समजूत घातली. दुसऱ्या कुणी हे केलं असतं तर मी त्याची चांगलीच खरडपट्टी काढली असती.

काकांच्या लक्षात आलं. रोजच्या आकड्यांचा तक्ता ते भिंतीवर लावतात.

"सतरा खाली सरकलाय," ते म्हणाले.

"मर्यादेत आहे."

"मर्यादेत आहे खरा." त्यांनी तक्त्याचा कोपरा पुन्हा चिकटवला आणि विषय तिथेच सोडला.

दोन महिन्यांनी एक बाई अहवाल घेऊन आली. ती पाळणाघर चालवायची. लशीचे दोन्ही डोस झालेले. लशीमुळे तयार होणारी प्रतिपिंडं तिच्यात होतीच, पण आम्ही दुसरीही चाचणी करतो. विषाणूचा जो भाग तिच्या लशीत नव्हता, त्याच्याविरुद्ध काही तयार झालंय का, हे त्यात दिसतं. झालं असेल तर त्या माणसाला आजारच होऊन गेला, कळो वा न कळो. तिच्या अहवालात लिहिलं होतं: आढळली.

"ताई, मला एक दिवस साधी सर्दी झाली नाही," ती म्हणाली. "आईला झाला. आई गेली. तिला मीच भरवत होते, मीच पुसत होते. मुलं घरी येतात म्हणून मी तोंडावरचा मास्क झोपतानाही काढला नाही."

"बऱ्याच जणांना लक्षणं येत नाहीत."

"तेच भाऊ म्हणतो. अहवाल वाचला आणि म्हणाला, बघ, घरात कुणी आणला ते कागदावरच आलं." तिने कागद माझ्याकडे वळवला. "दोन महिने झाले, बोलत नाही माझ्याशी. तो बोलला नाही तरी चालेल. पण आधी मला झाला आणि मग तिला, असंच ना हे?"

"आधी कुणाला झाला, हे यावरून कळत नाही."

"पण मला झाला, हे तर कळतं?"

मी तिचा आकडा पाहिला. ०.२२. त्या दिवशीच्या प्लेटवर सतराचा आकडा ०.०६ होता, म्हणजे रेघ ०.१८. पूर्ण दहा मायक्रोलिटर घेत होते तेव्हा सतरा न चुकता ०.०९ यायचा, म्हणजे रेघ ०.२७. हिशोब तोंडी होण्यासारखा होता. मी तो कागदावर केला, कारण मला वर बघायचं नव्हतं.

"चार दिवस द्या," मी म्हटलं. "मी पुन्हा तपासते."

त्या दोन महिन्यांच्या प्लेटी काढल्या. दोन रेघांच्या मध्ये सापडलेली अकरा माणसं होती. मी डॉक्टरबाईंच्या खोलीत गेले आणि उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. सतरा कोण होता, हेही. त्यांनी चष्मा काढून पुसला.

"अकरा?"

"अकरा."

"माझ्याकडे यायचं होतंस. मी त्याला यादीतूनच काढलं असतं."

"म्हणूनच आले नाही."

त्यांनी चष्मा परत लावला. मग म्हणाल्या, "चुकीची नोंद आजच कर. अकराही जणांची चाचणी पुन्हा होईल, आणि पिपेट काका धरतील. तू नाही."

शेवटच्या कुपीत पन्नास मायक्रोलिटर होतं. बर्फाचं भांडं घेऊन काका माझ्या शेजारी बसले आणि हळू आवाजात म्हणाले, "पोरी, तेवीसवर लावू ना प्लेट. निरोगी तो निरोगी. ही राहू दे आत, कोपऱ्यात."

माझ्या तोंडून हो निघालं असतं. फ्रीजरच्या तळाच्या कप्प्यात एक कुपी, कुणाच्या अध्यात ना मध्यात. मला ती बघायलाही नको होती, नुसती असायला हवी होती.

"रेघ सतराने चुकवली," मी म्हटलं. "सतरानेच सरळ करायला हवी. आणि तेवीस शेजारी लावा, म्हणजे पुढे तुलना राहील."

"मग काही उरणार नाही."

"पूर्ण दहा घ्या, काका. प्रत्येक खळग्याला. दोनऐवजी पाच खळगे त्याचेच लावा."

त्यांनी घेतलं. तळाचे राहिलेले थेंबही पिपेटच्या टोकाने गोळा केले. रिकामी कुपी कचऱ्याच्या डब्यात टाकताना त्यांनी मान दुसरीकडे वळवली. पिवळ्या झाकणाचा डबा तो. त्यातलं सगळं भट्टीत जातं.

सतरा ०.०९ आला. अकरापैकी आठ जण रेघेखाली गेले; काठावरचे तिघे नव्या मोजणीत जरासे वर राहिले. पाळणाघरवालीचा आकडा ०.२१.

दुपारी तिला फोन केला. मागे मुलं रडत होती, कुणीतरी चमचा आपटत होतं.

"तुमचा अहवाल चुकीचा होता," मी सांगितलं. "तुम्हाला आजार होऊन गेल्याची खूण या चाचणीत सापडली नाही."

"म्हणजे माझ्यामुळे नाही?"

"झालाच नव्हता, असं शपथेवर सांगता येत नाही. इतक्या महिन्यांत खूण पुसलीही जाते. पण झाला होता असं आम्ही लिहिलं, ते लिहायला नको होतं."

पलीकडे दार लावल्याचा आवाज आला, मुलांचे आवाज लांब गेले.

"चूक कुणाची?"

"माझी. एक नमुना संपू नये म्हणून मी तो कमी वापरत होते."

"एवढं काय होतं त्यात?"

"माझ्या नवऱ्याचं रक्त होतं. आधीचं."

"आहे का अजून थोडं?" तिने विचारलं.

"नाही. तुमच्या चाचणीत संपलं."

"दोन महिने, ताई," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग होता, आणि तो मला मिळायलाच हवा होता. "दोन महिने मी आईच्या फोटोपुढे उभी राहिले नाही." मग नाक ओढल्याचा आवाज आला. "कागद पाठवा. अक्षर मोठं ठेवा, भाऊ चष्मा लावत नाही."

अक्षर मी मोठं ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बर्फावर तेवीस होता. तो कोण, मला माहीत नाही. कुणाचा तरी मेहुणा असेल, कुणाची तरी आई. काकांनी मला पिपेट परत दिलं. मी दहा घेतलं, पूर्ण. यंत्राने आकडा दिला: ०.०९. खळग्यांकडे पाहिलं तर तेही पाण्यासारखेच. कालचे कुठले आणि आजचे कुठले, हे मलाही ओळखता आलं नसतं.

"वेळ झाली," काका मागून म्हणाले.

मी पुढची प्लेट घेतली.