पोट सोडून बोला

साथ आली आणि कुणाला हात लावायची सोय राहिली नाही. मी शिंपीण. हात न लावता माप कसं घेणार? शेवटी फोनवर सांगायला लागले, "दोरा कमरेभोवती गुंडाळा, गाठ मारा, पाकिटात घालून दुकानाच्या दाराखालून सरकवा."

चार दोरे आले, चार पँटी शिवल्या. चारही परत. एकीचंही बटण लागेना.

"वहिनी, गाळा सोड आता," नणंद म्हणाली. "मशीन घरी आण. उसवण्यातच जन्म जायचा तुझा."

वीस वर्षांचा भाड्याचा गाळा. महिनाअखेर मालकाला काय ते कळवायचं होतं. हातात एकच काम उरलं होतं, बँकेतल्या बाईंची पँट. तीही परत आली, तर किल्ली देऊन टाकायची असं ठरवलं.

पण डोक्यातून एक गोष्ट जाईना. चारही दोरे मी जुन्या वहीतल्या मापांशी ताडून पाहिले. माणसं सहा महिने घरात बसून खातायत आणि कमरा पूर्वीपेक्षा बारीक! म्हणून दोरा स्वतःलाच गुंडाळून पाहिला, तर हसूच फुटलं. दोरा लागताच माझं पोट मला न विचारता आत गेलं होतं.

दुकानात माप घेताना मी गप्पा मारते. माणूस बोलायला लागला की पोट जागेवर येतं. इतकी वर्षं मला वाटायचं, मी नुसतीच बडबडी आहे.

बाईंना फोन लावला. "गुंडाळलात दोरा? आता सांगा, काल जेवायला काय केलं होतं?"

"त्याचा मापाशी काय संबंध?"

"माझा चोंबडेपणा समजा."

जेवणावरून त्या नवऱ्यावर घसरल्या, नवऱ्यावरून सासूवर. तिथे चांगल्या रंगात आल्यावर म्हटलं, "हं, मारा गाठ."

त्यांनी गाठ मारून दोरा डोळ्यांसमोर धरला असावा. मग, "अगं बाई! एवढी?"

"माझ्या पोटातच राहील हो."

पँट पाठवली. दोन दिवस फोन नाही. मी किल्लीकडे बघायचं टाळत होते. तिसऱ्या दिवशी वाजला.

"बसले, उठले, वाकले. बटण शाबूत आहे! ह्यांचीही एक शिवा. फक्त ह्यांना बोलतं तुम्हीच करा. तीस वर्षांत मला जमलं नाही."

मालकाला कळवलं, गाळा ठेवतेय. आणि तीस वर्षं गप्प बसलेल्या माणसाला काय विचारलं तर तो बोलेल, याचा विचार करत फोन फिरवला.