चोराला दिलेली किल्ली

“बाबा, चोराला किल्ली करून दिलीत ती नीट लागली का हो?”

भर दुकानात, दोन गिऱ्हाइकांसमोर तिने विचारून टाकलं. पायरीशी उभ्या मैत्रिणी दप्तरात तोंड खुपसून खिदळल्या. ‘विचारून दाखव!’ ही पैज त्यांचीच. वक्तृत्वस्पर्धा जिंकल्यापासून शाळेत हिचं नाव ‘तोफ’ पडलेलं. ती कसली माघार घेतेय!

कानस चालवता चालवता बाबा हसले.

“एका झटक्यात लागली. माझ्या हातची होती. माणूस बघून किल्ली करतो की काय मी?”

गिऱ्हाइकंही हसली. सकाळीच पेपरात बातमी आली होती. गेल्या आठवड्यात चोराने दुकानाचा कोयंडा उपटला. आत कानशी आणि किल्ल्यांच्या जुडग्यांशिवाय काही मिळेना, म्हणून दाराचं पितळी कुलूपच घेऊन गेला. पण किल्लीवाचून कुलूप म्हणजे नुसता धोंडा. तेव्हा काल भरदुपारी हा शहाणा किल्ली करून घ्यायला आला, तोही याच दुकानात! बाबांनी त्याला स्टुलावर बसवलं, किल्ली करून दिली, वर ‘कुलूप चांगलं आहे, जपा’ असंही बजावलं. शेजारच्या शिंप्याने कुलूप ओळखून कॉलर धरली नसती, तर स्वारी आभार मानून निघाली होती.

“पण आपलंच कुलूप ओळखलं नाहीत?”

“अगं, दिवसभर कुलपंच हाताखाली. न्हाव्याला कधी डोकी लक्षात राहतात का?”

पोलिसांनी परत केलेलं कुलूप फळीवर होतं. तिने ते उचललं. पाठीवर खिळ्याने कोरलेली वेडीवाकडी, मोठाली अक्षरं होती: ‘माझ्या बाबांचं दुकान’. दुसरीत असताना हा पराक्रम तिनेच केला होता. तेव्हा धपाटाही मिळाला होता. नंतर मात्र बाबा येईल त्याला ते कुलूप उलटं करून दाखवायचे.

जिभेवर आलेला पुढचा विनोद तिने गिळला.

एका गिऱ्हाइकाने किल्ली पुढे केली. बाबांनी ती अंगठ्याने चाचपली, दाराच्या उजेडात धरली, डोळे बारीक केले आणि मग तिच्याकडे दिली.

“यावरचा नंबर वाच गं. माझे हात तेलकट आहेत.”

हात आत्ताच फडक्याला पुसून झाले होते. अंगठ्यावर कानशीचे ताजे ओरखडे होते.

तिने नंबर वाचला. मग कुलूप फळीवर ठेवलं, अक्षरांची बाजू खाली करून.

बाहेर येताच मैत्रिणींनी तिला घेरलं.

“काय गं, चिडले?”

“छे! पैज जिंकले मी. चला.”

चोराच्या बातमीवर चार दिवस लोक हसतील. ही डोळ्यांची बातमी फुटली, तर कुलूप घेऊन दुकानात कोण येणार? वाटभर तोफ गप्प होती. मैत्रिणींना वाटलं, घसा बसला.

जेवताना आईला आयतंच कोलीत मिळालं होतं.

“उद्या चोर घरी आला, तर हे म्हणतील, ‘या, बसा, पंखा लावू का?’”

“लावेन की! पाहुणाच तो,” बाबा म्हणाले.

ती ताटावरून उठून उभी राहिली, स्पर्धेत राहायची तशी ताठ.

“ऐका. मला फळा नीट दिसत नाही. उद्या मी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाणार आहे.”

“तुला दिसत नाही?” आई म्हणाली. “काल गच्चीवरून खालच्या बसची पाटी वाचलीस की!”

“आणि मला एकटीला भीती वाटते.”

“तुला? भीती?”

बाबांचा घास हातातच राहिला. त्यांनी मान वर केली. ती मात्र आईकडेच बघत होती.

“हो, मला. म्हणून बाबा येणार. आधी त्यांचे डोळे तपासायचे, मगच मी खुर्चीत बसेन. उद्या दुकान उशिरा उघडेल.”