दोनशे मीटर

“डोकं उचलू नका काका, नुसतं तोंड वळवा!” पोहण्याच्या तलावाच्या काठावरून उन्नती ओरडली.

ओरडली आणि तिची तिलाच लाज वाटली. ती नऊ वर्षांची असताना याच तलावात रामनाथकाकांनी हेच वाक्य तिला शेकडो वेळा ऐकवलं होतं. श्वास पाण्यात सोडायचा, बाहेर घ्यायचा. कोंडून धरला की माणूस घाबरतो.

आता तीही इथेच जीवरक्षक होती आणि आज घड्याळ तिच्या हातात होतं. जीवरक्षकांची दरवर्षीची चाचणी; पूर्ण झाली नाही तर ड्युटी संपली. दोनशे मीटर फ्रीस्टाइल, मध्ये न थांबता. काका सत्तावन्न वर्षांचे. तरुणपणी भिवंडीतल्या एका लूमवर बारा वर्षं ड्युटी केलेली, सुताची धूळ छातीत गेलेली. नंतरची बावीस वर्षं या तलावावर. जन्म खाडीकाठच्या कोन गावचा, त्यामुळे चालण्याआधी पोहायला शिकलो, असं ते सांगत.

आठ फेऱ्या मारायच्या होत्या. चार नीट झाल्या. पाचवीत त्यांना दर हातामागे श्वास लागू लागला. सहावीत हवेसाठी त्यांनी डोकंच वर काढलं, तसे पाय खाली गेले आणि नाकातोंडात पाणी शिरलं. बाजूची दोरी धरून ते खोकत राहिले.

उन्नती कपड्यांसकट उडी टाकणार, तेवढ्यात त्यांनी हात वर करून तिला थांबवलं.

काठावर बसल्यावर श्वास जागेवर यायला दहा मिनिटं गेली. आजूबाजूला कोणी नव्हतं. उन्नतीने चाचणीचा कागद पुढे ओढला.

“मी पूर्ण लिहिते. कोण बघतंय?”

“न्हाय लिवायचं.”

“काका, किती जणांना बाहेर काढलंय तुम्ही! मलापण काढलंय.”

“तवा छाती साथ देत व्हती. उद्या खोलात एखादं पोर गेलं आन् मी अर्ध्यात दोरी धरून बसलो तर? त्याच्या आईला काय सांगशील?”

काकांनी तिच्या हातातलं पेन घेतलं, ‘पाच फेऱ्या’ असं लिहिलं आणि खाली सही केली.

“रडतेस कशाला? तुला नीट शिकवलंय ना मी?”

“पण तुम्ही आता काय करणार?”

“बघू,” म्हणत ते उठले.

पंधरा दिवसांनी सकाळच्या बॅचला ते आले. इतरांसारखी अंघोळ करून उथळ भागात उतरले. पाण्यावर उताणे झाले. इतक्या वर्षांत त्यांना असं पोहताना कोणी पाहिलं नव्हतं. ड्युटीवर असताना त्यांची नजर कायम पाण्यावर असायची. आता तोंड वर होतं, श्वास सरळ येत-जात होता.

“काका!” उन्नतीने हाक मारली.

त्यांचे कान पाण्यात होते. हळूहळू पाय हलवत ते भिंतीपर्यंत गेले, थोडा वेळ तिथेच टेकले आणि परत फिरले.