आईचं ऐकणारी दहा पिलं

मी बोलतेय, हॉलिस शेतकऱ्याच्या कुरणाकाठची रानटर्की. दिसायला मी अगदीच यथातथा. डोकं टकलं, मान सुरकुतलेली. आमचे नर तेवढे पिसारा फुलवून मिरवतात आणि एकदा वसंत सरला की तोंडही दाखवत नाहीत. पोरांचं सगळं आम्हीच करायचं.

यंदा ओकच्या मुळाशी मी अकरा अंडी घातली आणि अठ्ठावीस दिवस बसले. पावसात बसले. अंडी चोरणारा रॅकून हुंगत गेला, तेव्हाही हलले नाही. अकराच्या अकरा पिलं निघाली.

आमच्यात पहिला धडा एकच असतो. आईनं घशातून "पट्" असा बारीक आवाज काढला, की जिथे असाल तिथे भुईला चिकटायचं आणि तिची हाक येईपर्यंत हलायचं नाही. दहा जणं पहिल्याच दिवशी शिकली. अकरावं मात्र भलतंच द्वाड! सगळी पडली की ते हमखास उठून पळायचं. त्याला मी किती टोचलं असेल, गणतीच नाही.

हॉलिसची बायको वर्ना पायरीवर वाटाणे सोलत बसली होती, तेव्हा आम्ही तिच्या पुढ्यातून रांगेनं गेलो. ती जागची हलली नाही. "अगं बाई, एवढी सगळी तुझी?" एवढंच पुटपुटली. माणसांवर माझा विश्वास नाही, पण त्या बाईवर माझा जीव जडला. दरवर्षी गवतकापणीला ती काठीनं गवत झोडपत ट्रॅक्टरच्या पुढे चालायची. हरणाची पाडसं, आमच्यासारख्या लेकुरवाळ्या, सगळ्यांना आधी बाहेर काढायची. यंदा हिवाळ्यात बर्फावर घसरून तिच्या कमरेचं हाड मोडलं.

कापणीच्या दिवशी पश्चिमेला ढग आले होते. मी कुंपणाशी पिलांना नाकतोडे धरायला शिकवत होते, तेवढ्यात वर्नाचा आवाज आला.

"हॉलिस, थांब जरा. टर्कीण पोरं घेऊन त्याच कुरणात फिरतेय. कोणीतरी पुढे चालायला हवं."

"कोण, तू? कुबडी घेऊन? तू पुढे, मी मागे, आपली वरातच निघेल!"

"थट्टा पुरे. लेमनला बोलव शेजारून."

"तो येईपर्यंत पाऊस येईल. गवत भिजलं तर हिवाळ्यात गाई काय तुझे वाटाणे खातील? अगं, आवाज ऐकला की पळतात ती. पाखरं आहेत, दगड नव्हेत."

हॉलिस दुष्ट नाही. माझ्या आईनंही मला पळायला शिकवलं नव्हतं, हे त्याला कुठून ठाऊक असणार?

आम्ही गवतात असतानाच पात्यांनी गवत कापत ट्रॅक्टर घरघरत आला. मी म्हटलं, "पट्." दहा जणं पडली. माझी शहाणी पोरं! पंख मोडल्याचं सोंग घेऊन मी ट्रॅक्टरपुढून फरफटत निघाले. कोल्हा असा हटकून फसतो. ट्रॅक्टर माझ्या मागे वळला नाही, सरळच गेला. मग मी हाका मारल्या, जीव तोडून मारल्या. त्या घरघरीत एकही पोचली नाही. हाक ऐकू येईना, म्हणून त्या दहांतलं एकही उठलं नाही.

हॉलिस थांबला, खाली उतरला, टोपी काढून उभा राहिला. कापलेल्या गवतातून कुबडी टेकत वर्ना आली.

"हलली का नाहीत गं ती?" त्यानं विचारलं.

"आईनं सांगितलं असेल," वर्ना म्हणाली आणि तिथेच खाली बसली.

ते द्वाड तेवढं वाचलं. पळालं म्हणून वाचलं. आता वर ससाणा दिसला, की "पट्" माझ्या घशाशी येतं आणि तिथेच अडकतं. पड म्हणू, की पळ म्हणू? ते माझ्याकडे बघत राहतं. त्या दिवसापासून ते मला सोडून हात-दोन हातही जात नाही, सांगितलं की लगेच ऐकतं. मला त्याचीच फार भीती वाटते.

बाबांनो, गवत कापायला निघालात तर कोणीतरी पुढे चाला. आमची पोरं आईचं ऐकतात हो, अगदी शेवटपर्यंत ऐकतात.