यादीत नसलेला डावा पाय

ओळख करून द्यायची तर मी एक पाय आहे. डावा. लाकडाचा. जोडे शिवणारे मला फर्मा म्हणतात. माझ्यावर कातडं ताणायचं, खाली चुका, म्हणजे बारीक खिळे, ठोकायच्या, तळ शिवायचा आणि जोडा तयार झाला की मला ओढून बाहेर काढायचं. जोडा जातो गावभर हिंडायला आणि मी परत फळीवर. जन्मभर पाय म्हणून जगलो आणि एक पाऊल चाललो नाही. असो, माझी तक्रार ती नाही.

मी देखणा नाही, हे आधीच सांगून टाकतो. माझा उजवा भाऊ सरळ, नीटस, पाच नंबरचा. मी त्याच्याहून दोन बोटं आखूड, मधेच कुबड काढल्यासारखा उंच आणि करंगळीच्या बाजूने आत वळलेला. दुकानात नवं गिऱ्हाईक आलं की मला उचलून हमखास म्हणायचं, "हे काय, बिघडलं वाटतं?"

"बिघडलेलं नाही," माझे मालक मान वर न करता म्हणायचे. "मापाचं आहे."

ते माप पोस्टातल्या ताईंचं. लहानपणच्या तापात त्यांचा डावा पाय वाढायचा राहिला. आणि नोकरी कसली मिळाली, तर घरोघर पत्रं वाटायची. पहिल्यांदा दुकानात आल्या तेव्हा दारातच म्हणाल्या, "काका, बाजारातला जोडा या पायात राहत नाही. चिंध्या कोंबते, तरी संध्याकाळी रक्त येतं. लोक म्हणतात, नोकरी बदल."

मालकांनी स्टूल पुढे ओढलं. म्हणाले, "बसा. मोजा काढा."

कागदाची पट्टी पायाभोवती गुंडाळायची आणि टोकं मिळतील तिथे कात्रीने बारीक खाच पाडायची, अशी त्यांची मापाची रीत. उजव्या पायाला तीन पट्ट्या पुरल्या. डाव्याला नऊ लागल्या. मग चार दिवस मला तासलं, घासलं. जिथे कमी पडलो तिथे सरस लावून कातड्याचे तुकडे चिकटवले. तीनदा जोडा घालून बघितला. तिसऱ्या वेळी ताई दारापर्यंत चालत गेल्या, परत आल्या, पुन्हा गेल्या आणि या वेळी सरळ रस्त्यालाच लागल्या. मालक थांबून राहिले. अर्ध्या तासाने ताई परत आल्या.

"पुलापर्यंत जाऊन आले," त्या म्हणाल्या. डोळे भरले होते.

"पॉलिश राहिलंय," मालक म्हणाले. "काढा."

असा माणूस. कौतुक करायला गेलं की पॉलिशचं निघायचं. त्यानंतर दरवर्षी एकदा मी फळीवरून खाली उतरायचो, ताईंचा नवा जोडा व्हायचा, आणि बाकीचं वर्ष मी धूळ खात मजेत असायचो.

मग मंडळ आलं.

गावात जोड्यांची सात दुकानं होती आणि कातड्याचे व्यापारी सातही जणांना बनवायचे. मालकांचा धाकटा मेहुणा शेजारच्याच दुकानात टाचा ठोकायचा. त्याच्या डोक्यात हे सगळं आलं. सातही जणांनी एक व्हायचं, हत्यारं एकत्र, काम एकत्र, आणि गावात प्रत्येकाला स्वस्तात जोडा. सभा आमच्याच दुकानात झाली. मेहुणा पोटतिडिकीने बोलला. सगळ्यांनी हात वर केले, मालकांनीही केला. मला हात नाही. असता तर मीही केला असता, खोटं कशाला बोलू?

आणि मंडळाने वाईटच केलं असंही मी म्हणणार नाही. व्यापारी सुतासारखे सरळ आले. सहा महिन्यांत शाळेत एक पोर अनवाणी दिसेना. मेहुणा आता चिटणीस झाला होता. त्याची छाती फुगली, तर त्यात काही गैर नव्हतं.

दुसऱ्या वर्षी नियम आला. मंडळाबाहेर कुणी जोडा शिवायचा नाही. घरी हत्यार ठेवलं तर ती सगळ्यांची चोरी. हा नियम करताना कुणाला विचारलं नाही. पहिल्या दिवशी वर केलेले हात त्यालाही पुरले.

सातही दुकानांतले फर्मे मंडळाच्या शेडमध्ये आणून ओतले. चिटणीस एकेक उचलून नंबर बघायचा आणि मांडणीत लावायचा. माझा भाऊ पाचच्या खणात गेला. नीटस होता, लगेच खपला. आमची एवढ्या वर्षांची जोडी, पण वळूनही बघता आलं नाही, त्यालाही आणि मलाही.

"याचा नंबर काय, दाजी?" चिटणीसाने मला उलटंपालटं केलं.

"तो ताईंचा आहे. पोस्टातल्या."

"ताई हा काही नंबर नाही."

"माहितीये. पण पाय आहे."

चिटणीस हसला. मला त्याने कोपऱ्यातल्या निकामी ढिगात टाकलं. सरस वितळवायच्या चुलीला ते लाकूड लागायचं. संध्याकाळी मालक जेवणाचा डबा उचलताना खाली वाकले आणि मी डब्याच्या पिशवीतून घरी आलो. मालकीणबाईंनी मला गाद्यांच्या ढिगात दडवलं. जन्मात पहिल्यांदा मऊ अंथरुणावर झोपलो, तेही चोरीचा माल म्हणून.

इकडे ताईंनी रीतसर अर्ज केला. पायाची सगळी हकीकत लिहिली. अर्ज परत आला, त्यावर शेरा होता: दोन्ही पायांचा नंबर एकच लिहून पुन्हा अर्ज करावा. ताईंनी लिहिला पाच. मंडळाचा जोडा आला. उजवा उत्तम होता, हे मान्य. डाव्यात पुन्हा चिंध्या आल्या आणि आठवड्याभरात रक्त आलं.

त्या मालकांच्या घरी आल्या, मोजा काढून पाय दाखवला. मालकांनी बायकोकडे बघितलं. मालकीणबाई म्हणाल्या, "माझ्याकडे काय बघता? मी भांडी घासायला बसते."

त्या आठवडाभर रोज रात्री भांडी आपटत घासत बसल्या, ठोकण्याचा आवाज बाहेर जाऊ नये म्हणून. तीन पातेल्यांना पोचे आले. मालकांनी शेडमधून डब्याच्या पिशवीत कातडं आणि हातोडी आणली आणि माझ्यावर एकच डावा जोडा बांधला, रंगाने आणि शिवणीने थेट मंडळाच्या उजव्यासारखा. शेजारी ठेवले तर चिटणीसालासुद्धा ओळखू आला नसता.

"एक लक्षात ठेवा," मालक ताईंना म्हणाले. "शेडसमोरून जाताना जरा लंगडा."

"काका, एवढी वर्षं लंगडू नये म्हणून धडपडले."

"मलाही सांगताना लाज वाटतेय. पण लंगडा."

दोन महिने ताई इमानदारीने लंगडल्या. मग एक दिवस चिटणीसाच्या नावाचं पत्र आलं. त्याच्या मुलीला बाहेरगावी शिकायला जागा मिळते की नाही, याचं उत्तर त्यात होतं. घरातले महिनाभर त्या पत्राकडे डोळे लावून होते, हे ताईंना ठाऊक. भरभर चालत, जवळजवळ पळत त्या शेडपाशी गेल्या. "साहेब, आलं पत्र," म्हणून त्याच्या हातात दिलं आणि मग थबकल्या. चिटणीसाने लिफाफा फोडलाच नाही. तो त्यांच्या पायाकडे बघत होता.

हे सगळं मी नंतर सभेत ऐकलं. मलाही गाद्यांतून शोधून काढून पुरावा म्हणून टेबलावर मांडलं होतं. शेजारी तो जोडा. मुलीला जागा मिळाली होती, तरी चिटणीसाचं तोंड उतरलेलं होतं. मेहुणा होता तो, मालकांच्या ताटात जेवून लहानाचा मोठा झालेला. पण आवाज त्याने चढवलाच.

"दाजींनी सगळ्यांचं कातडं एकटीसाठी वापरलं," तो म्हणाला. "कातडं केवढं, हा प्रश्न नाही. आज एकटीसाठी नियम वाकवला तर उद्या प्रत्येक जण आपापला पाय घेऊन येईल."

"प्रत्येकाला आपापलाच पाय असतो हो, साहेब," ताई म्हणाल्या. मागच्या रांगेत कुणीतरी हसलं आणि लगेच खोकून घेतलं.

ताई उभ्या राहिल्या. बोलायची सवय नव्हती. "मला फुकट काही नको. कातड्याचे पैसे घ्या, काकांच्या मजुरीचे घ्या. रस्ते तुम्ही करा, दिवे तुम्ही लावा, कुणी फसवलं तर त्याला धरा. पण माझ्या पायात काय घालायचं ते माझं मला ठरवू द्या. मी कुणाच्या पायातलं काढून मागत नाही. काकांना शिवायचाय, मला घालायचाय. यात तिसऱ्या कुणाचं काय जातं?"

 मला वाटलं, आता कुणीतरी बोलेल. सहाही कारागिरांनी आयुष्यात कधी ना कधी असला वाकडा पाय मापलेला होता. त्यांना कळत होतं, मी सांगतो ना, त्यांची बोटं चुळबुळत होती. एकानेही तोंड उघडलं नाही. मी ओरडलो असतो. लाकडाला ओरडता येत नाही, आणि ज्यांना येत होतं ते जमिनीकडे बघत बसले.

ठराव झाला. जोडा उसवून कातडं परत साठ्यात जमा करायचं. मालकांना कातडं कापायच्या टेबलावरून काढून खोक्यांवर नंबराच्या चिठ्ठ्या चिकटवायला बसवायचं. आणि मी चुलीसाठी. ताईंना मंडळातर्फे पाच नंबरचे आणखी दोन जोड भेट. दोन उजवे तरी कामाला येतील, असं मालकीणबाई घरी म्हणाल्या म्हणे.

पोस्टानेही समजूतदारपणा दाखवला. ताईंना चालायला त्रास होतो, तर बसून शिक्के मारायचं काम दिलं. ताईंची वाट तिसऱ्याच माणसाला मिळाली. आता त्या दिवसभर खुर्चीत असतात. लोक म्हणतात, बरं झालं, आराम मिळाला.

काल सकाळी त्या शेडमध्ये आल्या. मी ढिगाच्या वरच होतो, म्हणून लगेच दिसलो. त्यांनी मला उचललं. एवढ्या वर्षांत त्यांनी मला कधी हातात घेतलं नव्हतं. टाचेवरून बोट फिरवलं, कुबडावरून फिरवलं. त्या स्वतःचाच पाय असा कधी कुरवाळत नसतील.

"हा मला द्या," त्या चिटणीसाला म्हणाल्या. "तीन तासांवर एक कारागीर आहे, तिथे अजून मंडळ झालेलं नाही. तो म्हणाला, फर्मा आणा, जोडा करून देतो."

"ताई, ती मंडळाची वस्तू आहे."

"माझा पाय आहे हा."

"पाय तुमचा. लाकूड सगळ्यांचं."

"सगळ्यांपैकी कुणाच्या उपयोगाचं आहे?"

"कुणाच्याच नाही. म्हणून तर चुलीसाठी ठेवलंय."

मालक कोपऱ्यात चिठ्ठ्या चिकटवत होते. बोटं सरसाने माखलेली. ते उठले, मेहुण्याजवळ आले आणि हळूच म्हणाले, "देऊन टाक रे तिला."

"दाजी, माझ्या हातात नाही."

"मग कुणाच्या हातात आहे?"

चिटणीस सांगायला गेला, पण त्याला कुणाचं नाव घेता येईना. त्याने एकदा शेडभर नजर फिरवली. सगळे कामात होते. शेवटी त्याने ताईंच्या हातातून मला काढून घेतलं. हिसकावलं नाही, अगदी हळू घेतलं, आणि पुन्हा ढिगावर ठेवलं. मला वाटतं, त्याला वाईट वाटत होतं. पण त्याच्या वाईट वाटण्याचा आम्हा दोघांना काय उपयोग?

ताई गेल्या. बाहेर खडी आहे. एक पाऊल पडायचं आणि एक फरपटायचं. कोपऱ्यापर्यंत ऐकू येत होतं. मालक चिठ्ठी हातात धरून तसेच उभे होते.

सरसाचं भांडं आता रिकामं झालंय, म्हणजे आज चूल पेटेल. माझ्या शेजारचे दोन तुकडे आताच उचलले. मी जुनं, वाळलेलं लाकूड, मला फार वेळ लागायचा नाही. भावाला निरोप द्यायचा होता, पण तो पाचच्या खणात कामात असतो.

ताई, मी तुमच्यासाठी काही करू शकलो नाही. पण तुम्ही तीन तासांवरच्या त्या कारागिराकडे तशाच जा. फर्मा नाही म्हणून थांबू नका. बसा, मोजा काढा, त्याला नऊ पट्ट्या घेऊ द्या. मी त्या पायावरून झालो होतो, तो पाय माझ्यावरून नव्हे.